क्यूआर स्कॅन केला की नाव दुसऱ्याचंच येतंय, पैसे पाठवू का?

पत्र

नमस्कार. मी विडी घरकुलात राहते. घरी शिलाईच्या दोन मशिनी आहेत, शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क घेते. ओव्हरलॉकला, म्हणजे कापडाच्या कडा बांधायला, कपडे बाहेर द्यावे लागतात, नगामागे पैसे जातात. म्हणून चार धाग्यांची जुनी ओव्हरलॉक बघत होते. नेटवर एका पानावर टेबल-मोटरसकट १९,५०० ला दिसली. विकणारा सुरतेचा आहे म्हणतो. निम्मे पैसे आधी, निम्मे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. क्यूआर पाठवलाय, पण स्कॅन केलं की दुकानाचं नाव येत नाही, कुणा बाईचं येतं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं आहे. विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या आधारचा फोटो पण पाठवला. मागच्या दिवाळीत माझ्या जावेने साडीसाठी १,८५० पाठवले होते, साडी आलीच नाही. बँकेत गेली तर म्हणाले, तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. आमचे मिस्टर म्हणतात, ऑनलाइनला कार्ड अजिबात वापरायचं नाही, नंबर चोरीला जातो. मुलगी म्हणते, कार्डच बरं. कुणाचं ऐकू? आणि त्या पानावर नंबर टाकल्यापासून रोज कुठून कुठून फोन येतात, त्याचं काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक: त्या क्यूआरवर ९,७५० रुपये पाठवू नका. ‘शेवटचा पीस आहे, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ असा मेसेज आला तरी नको. का ते सविस्तर सांगतो. कार्ड की यूपीआय या घरातल्या वादाचं उत्तरही त्यातच आहे.

तुमच्या जावेचे १,८५० वाटेत कुणी चोरले नाहीत. ज्याला पाठवले त्याच्याच खात्यात ते काही सेकंदांत नीट पोचले. म्हणून ‘कोणतं ॲप सुरक्षित’ हे विचारून फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: पैसे माझ्या हातून सुटले, माल अजून आला नाही, तर मधल्या काळात ते कुणाच्या ताब्यात आहेत? आणि माल आलाच नाही तर ते मागे ओढायचा अधिकार कुणाला आहे?

सोलापूरच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. परगावच्या अनोळखी दुकानदाराला कापडाच्या गाठी पाठवायच्या तर माल ‘सेल्फ’च्या, म्हणजे स्वतःच्याच नावाने ट्रान्सपोर्टला टाकायचा आणि बिल्टी बँकेकडे पाठवायची, ही जुनी रीत. तिकडचा दुकानदार बँकेत पैसे भरून बिल्टी सोडवणार, आणि मूळ बिल्टी दाखवली तरच गोडाऊनमधून गाठ मिळणार. मधे बँक उभी असल्यामुळे एकमेकांचं तोंड न बघता लाखांचे व्यवहार व्हायचे. ऑनलाइन पैसे देताना तुमच्या बाजूने असं मधे कुणी उभं आहे का, एवढं बघायला शिकलात की निम्मं काम झालं.

आता जावेला बँकेत जे उत्तर मिळालं त्याकडे येऊ. ते ऐकायला कडू आहे, पण नियमाला धरून आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला मोठं संरक्षण देतं, पण ते अनधिकृत व्यवहारांपुरतं. म्हणजे तुमच्या नकळत, तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले तर. त्यात तुमची चूक नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाही बसत नाही. ४ ते ७ दिवस झाले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती दाखवायची असते. पण पिन किंवा ओटीपी तुम्ही दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आणि फसून का होईना, पिन स्वतःच्या हाताने टाकून पैसे पाठवले असतील, तर बँक त्याला तुमचाच आदेश मानते. म्हणून माल न मिळाल्याची दाद या परिपत्रकातून मिळत नाही. तिची वाट वेगळी.

यूपीआयवरून एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली रोकड. समोरच्याच्या खात्यात जमा झाले की त्याच्या संमतीशिवाय तुमची बँक ते मागे आणू शकत नाही. ही यूपीआयची खोट नव्हे. २०१६ साली ते सुरू झालं ते पैसे झटपट पोचावेत म्हणून, आणि ते काम ते चोख करतं. भाजीवाल्याला, रिक्षाला, पुण्याच्या भावाला पैसे द्यायला त्यासारखं सोयीचं काही नाही. तिथे माल आधीच पिशवीत असतो किंवा माणूस ओळखीचा असतो. दुकानाच्या नावावर नोंदलेल्या व्यापारी क्यूआरची गोष्ट थोडी बरी. तिथे माल मिळाला नाही अशी तक्रार ॲपमधूनच त्या व्यवहारावर टाकता येते आणि ती दुकानाच्या बँकेपर्यंत जाते. तरी परगावच्या अनोळखी माणसाला आगाऊ रक्कम द्यायला तेवढा आधार पुरत नाही.

एक वेगळा प्रकार इथेच सांगून टाकतो, कारण लोक दोन्हींत गल्लत करतात. पैसे कापले गेले पण समोर पोचलेच नाहीत, व्यवहार अडकला, तर तो तांत्रिक बिघाड. त्यात पैसे आपोआप परत येतात: माणसाकडून माणसाला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाला दिलेले पाच दिवसांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलंय. अशा वेळी नेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. वर दिसणारे कितीतरी नंबर भामट्यांनीच टाकलेले असतात. तक्रार ॲपमधल्या त्याच व्यवहारावर बोट ठेवून करायची.

आता कार्ड. मुलीचं बरोबर आहे, आणि मिस्टरांची काळजीही बिनबुडाची नाही.

कार्डाने पैसे भरले की ते थेट दुकानदाराच्या खिशात पडत नाहीत. मधे त्याची बँक असते, पैसे गोळा करणारी पेमेंट कंपनी असते आणि कार्डाचं जाळं असतं: रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड. या जाळ्याच्या नियमांत पैसे मागे ओढायची सोय आहे, तिला चार्जबॅक म्हणतात. माल आलाच नाही, भलताच आला, परत पाठवला पण पैसे मिळाले नाहीत, एकाच बिलाचे दोनदा कापले, अशा कारणांसाठी तुम्ही आपल्या बँकेत डिस्प्यूट फॉर्म भरता. बँक तो जाळ्यामार्फत दुकानदाराच्या बँकेकडे पाठवते आणि माल दिल्याचा पुरावा दाखवायची पाळी दुकानदारावर येते. पुरावा नसेल तर पैसे तुमच्याकडे परत. क्रेडिट कार्डाला ही सोय आहे तशी तुमच्या साध्या डेबिट कार्डालाही आहे. पुष्कळांना हे माहीतच नसतं. काउंटरवर कुणी म्हणालं की ‘ओटीपी तुम्हीच टाकलात, आता काही होत नाही’, तर शांतपणे सांगा की माझी तक्रार अनधिकृत व्यवहाराची नाही, माल न मिळाल्याची आहे, चार्जबॅकचा फॉर्म द्या. ओटीपी टाकला म्हणून माल मिळाला असं होत नाही.

फॉर्मसोबत चार कागद लावा: ऑर्डरची पावती, माल कधी मिळेल असं सांगितलेली तारीख, विक्रेत्याला केलेल्या लेखी मागण्या आणि त्याचं उत्तर (किंवा उत्तर नसल्याचा स्क्रीनशॉट), आणि खात्याचा उतारा ज्यात ती नोंद अधोरेखित केलेली आहे. फोनवर भांडून उपयोग नाही. मागणी मेसेजवर किंवा ईमेलवर हवी. व्हिसा-मास्टरकार्डात माल न मिळाल्याच्या तक्रारीला साधारण १२० दिवस असतात. तुमच्या कार्डाची मुदत शाखेत विचारून घ्या, पण ती कितीही असो, ठरलेली तारीख उलटून आठवडा झाला की अर्ज टाका. ‘येईल, येईल, ट्रान्सपोर्टचा संप आहे’ असं म्हणत म्हणत मुदत संपवणं हा या धंद्यातला नेहमीचा डाव आहे.

मिस्टरांना दोन गोष्टी सांगा. एक, १ ऑक्टोबर २०२२ पासून कोणत्याही दुकानाला किंवा ॲपला तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. ‘कार्ड सेव्ह करू का’ला तुम्ही हो म्हणालात तर नंबराऐवजी टोकन नावाचा एक पर्यायी क्रमांक ठेवला जातो आणि तो त्या दुकानाबाहेर चालत नाही. दुसरी त्याहून कामाची: कार्डाला चालू-बंदचं बटण आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि परदेशी वापर असे वेगवेगळे खटके असतात. कधीच ऑनलाइन वापरलेलं नसेल तर तुमच्या कार्डाचा ऑनलाइन खटका बहुधा बंदच असेल. खरेदीच्या वेळी तेवढा चालू करायचा, त्याची मर्यादा बिलाएवढी, समजा १०,००० ठेवायची, पैसे भरून झाले की परत बंद. परदेशी वापराचा कायमचा बंद. घराला कुलूप लावावं तशी सवय करा. मग नंबर कुणाच्या हाती लागला तरी त्याला त्यावर ऑनलाइन काही घेता येणार नाही.

कार्डाने भरतानाही एक जागा निसटती आहे. ओटीपीचा मेसेज आला की आपण फक्त सहा आकडे बघतो. पूर्ण मेसेज वाचा. त्यात रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते लिहिलेलं असतं. तुम्ही भरताय शिलाई मशिनीचे ९,७५० आणि मेसेजमध्ये २४,००० दिसतायत, किंवा दुकानाऐवजी कुठल्या वॉलेटचं, गिफ्ट कार्डाचं नाव दिसतंय, तर तो आकडा टाकू नका. खोटं पेमेंट पान इथेच पकडता येतं. एकदा आकडे टाकले की गेलं.

सगळ्यांत भक्कम मधला माणूस म्हणजे मोठी बाजारपेठ साइट, जी पैसे स्वतः घेते आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला देते. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम अशा साइटला बांधून ठेवतात: विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायचा, तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. पण हे कवच साइटच्या आत पैसे भरले तरच. साइटवर जाहिरात बघून विक्रेता व्हॉट्सॲपवर आला आणि म्हणाला, ‘इथली ऑर्डर कॅन्सल करा, मला थेट पाठवा, १,५०० कमी करतो’, की तिथून पाय काढा. ते १,५०० तुमच्या संरक्षणाची किंमत असते. आणि हेही लक्षात ठेवा की नुसत्या जाहिराती लावणाऱ्या साइटी, जिथे जुन्या वस्तूंचे फोटो आणि फोन नंबर असतात, त्या पैशांना हातच लावत नाहीत. तुम्ही मशीन बघितलीत ते पान याच जातीचं दिसतंय.

माल दारात आल्यावर पैसे, हा पर्याय साडी-चादरीला ठीक. मात्र बऱ्याचदा डिलिव्हरीवाला पैसे घेतल्याशिवाय पार्सल उघडू देत नाही, आणि आत चिंध्या निघाल्या तर तो म्हणतो माझा काय संबंध. पैसे त्याच्यामार्फत विक्रेत्याकडे गेलेले असतात, परत द्यायचे ते विक्रेत्यानेच. म्हणून उघडून बघायची परवानगी ऑर्डर देतानाच बघून घ्या. ती नसेल तर लेबल दिसेल असं पार्सल ठेवून, कापण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, मधे न थांबवता. तुकड्या-तुकड्यांचा व्हिडिओ मानत नाहीत.

तुमची ओव्हरलॉक तर ट्रान्सपोर्टनेच येणार. ‘टू-पे’ म्हणजे फक्त भाडं इथे द्यायचं. मशिनीच्या पैशांशी त्याचा संबंध नाही, यात फसू नका. आणि बिल्टीच्या फोटोवर बाकी पैसे द्यायची अट तर मुळीच मानू नका. बिल्टीचं कोरं पुस्तक छापून घेणं किंवा जुन्या बिल्टीवर नवी तारीख टाकणं अवघड नाही. बिल्टी खरी आहे का ते त्यावरच्या फोन नंबरवर विचारून कळत नाही, कारण तो नंबरही त्यांचाच असतो. त्या ट्रान्सपोर्टचं सोलापुरात ऑफिस असेल तर तिथे जाऊन बिल्टी नंबर दाखवा, माल निघालाय का विचारा. ऑफिसच नसेल तर उत्तर मिळालं.

आता तुमच्या सुरतेच्या विक्रेत्याची परीक्षा. स्कॅन केल्यावर दिसणारं नाव तो स्वतः टाकू शकत नाही. जून २०२५ अखेरपासून प्रत्येक यूपीआय ॲपला पैसे जाण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवावं लागतं. ते नाव म्हणजे तुमच्या हातातला सगळ्यात पक्का पुरावा. तरीही दुकानाऐवजी माणसाचं नाव आलं म्हणजे फसवणूकच, असं नसतं. एकट्या मालकाच्या दुकानाचं खातं बऱ्याचदा त्याच्याच नावावर असतं. म्हणून त्याचा जीएसटी नंबर मागा, मग फरक कळेल.

जीएसटी नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. सुरतेचा म्हणवणाऱ्याचा नंबर ०७ ने सुरू झाला तर तो दिल्लीचा आहे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये हा नंबर टाका, लॉगिन लागत नाही. मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि धंद्याचं ठिकाण दिसतं. आता ते कायदेशीर नाव आणि क्यूआर स्कॅन केल्यावर आलेलं नाव शेजारी ठेवून बघा. जुळलं तर पुढे बोलायला हरकत नाही. जुळत नसेल तर नंबर खरा असूनही दुसऱ्याच्या दुकानाचा उचललेला असू शकतो. बिल एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या, हे आम्ही कुठल्याही खरेदीत मान्य करणार नाही, तुम्हीही करू नका. मिसेसचं खातं, भाच्याचं खातं, ‘आमचं करंट अकाउंट ऑडिटमुळे बंद आहे’, ही सगळी कारणं एकाच माळेतली. भामटे भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांवर पैसे मागवतात, म्हणून नाव जुळत नाही.

आणि आधारचा फोटो? तो विश्वासाचा पुरावा मुळीच नाही. ज्याला दुकानाचं बिल दाखवता येत नाही तो आधार दाखवतो. ते आधार बहुधा आधी फसलेल्या कुणाचं तरी असतं. बदल्यात तुमचं मागितलं तर देऊ नका, नाहीतर पुढच्या बाईला तुमचं आधार दाखवलं जाईल.

मशीन बघायची तर व्हिडिओ कॉलवर. तुमचं नाव खडूने एका कपड्याच्या तुकड्यावर लिहायला सांगा आणि तोच तुकडा तिथल्या तिथे ओव्हरलॉक करून दाखवायला सांगा. मशिनीच्या पाटीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर जवळून दाखवायला सांगा आणि तोच बिलावर लिहून मागा. खरा मशीनवाला हे दोन मिनिटांत करतो.

खरं विचाराल तर जुनी ओव्हरलॉक न बघता घेऊच नये. गणवेशाचं काम सोलापुरात एवढं चालतं की कारखाने मशिनी बदलतात आणि जुन्या मेकॅनिककडे येतात. तुमच्या मशिनींना तेलपाणी करणाऱ्या मेकॅनिकला सांगून ठेवा. हजार-दोन हजार जास्त गेले तरी स्वतःचं टेरीकॉट घेऊन जाता येतं. दोन थरांवर चालवा, मग चार थर एकत्र येतात त्या जोडावरून चालवा: तिथे टाके सुटतात का, धागा तुटतो का, सुरी कापड कापते की चघळते, मोटर तापते का. हे कुठल्याही क्यूआरवर कळत नाही.

फोन नंबराचा तुमचा प्रश्न आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो. तुमचा यूपीआय आयडी बघा. कित्येक ॲपं तो मोबाइल नंबर आणि पुढे बँकेचं टोपणनाव असा बनवून देतात. म्हणजे ज्याला दहा रुपये दिले त्याच्या हातात तुमचा नंबर गेला. ॲपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर नसलेला नवा आयडी बनवता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. तो बनवा आणि पैसे पाठवताना-घेताना तोच वापरा. दुसरं, खरेदीसाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि यूपीआयला फक्त तेच जोडा. त्यात लागेल तेवढेच दोन-तीन हजार टाका. बचत गटाचे, मुलीच्या फीचे पैसे ज्या खात्यात आहेत ते फोनला जोडलेलंच नको. पार्सलच्या खोक्यावरचं नाव-पत्ता-नंबराचं लेबल फाडून मगच खोकं भंगारात द्या.

नको असलेल्या जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ वर मेसेज किंवा फोन करून बंदी नोंदवता येते. फसवणुकीचा वाटणारा फोन किंवा मेसेज सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षु’मध्ये कळवा. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे फोन फसलेल्यांना हमखास येतात. जावेलाही सांगून ठेवा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘रिफंड आलाय, पिन टाका’ म्हणणारा पैसे काढतो आहे.

समजा कधी पैसे गेलेच, तर त्या क्षणी सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० लावा. बँकेची शाखा उद्या उघडेल म्हणून थांबू नका. हा फोन झाला की तक्रार पैसे गेलेल्या बँकेकडे आणि तिथून पुढच्या बँकांकडे जाते. खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवलं जातं. एटीएममधून काढून नेलं असेल तर गोठवायला काही उरत नाही, म्हणून तासाला किंमत आहे. फोनआधी हे समोर ठेवा: कोणत्या खात्यातून गेले, तारीख-वेळ, रक्कम, ॲपमध्ये दिसणारा १२ आकडी यूटीआर क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, त्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. गोठलेले पैसे मात्र लगेच मिळत नाहीत, पोलिसांची आणि काही वेळा न्यायालयाचीही प्रक्रिया होते.

जावेची गोष्ट जुनी झाली, त्या १,८५० पैकी काही गोठवलं जाण्याची आशा थोडीच. तरीही पोर्टलवर तक्रार टाकाच. त्याच खात्याविरुद्ध दहा जणींच्या तक्रारी एकत्र दिसल्या की तपासाला धरायला दोरा मिळतो. बँकेने डिस्प्यूटला किंवा अडकलेल्या व्यवहाराला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही, आणि माहितीसाठी १४४४८ आहे.

विक्रेता खरा आहे पण माल खराब दिला, तर ते प्रकरण सायबर पोलिसांचं नसून ग्राहक कायद्याचं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतेचा असला तरी तुम्ही राहता त्या सोलापुरातच दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. इथे तुमच्यासाठी एक खास खाच आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, असा बचाव समोरचा घेईल. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या कायद्याने मुद्दाम सूट दिली आहे. म्हणून बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि अर्जात स्पष्ट लिहा की मशीन मी घरी स्वतः चालवते आणि त्यावर माझं घर चालतं.

आता त्या सुरतवाल्याला आज पाठवायचा मेसेज. असाच पाठवा:

‘भाऊ, मशीन पसंत आहे. जीएसटी नंबर पाठवा. पैसे त्याच नावाच्या खात्यावर किंवा त्याच नावाच्या पेमेंट लिंकवर कार्डाने भरीन. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझं नाव लिहिलेल्या कापडावर मशीन चालवून दाखवा. बाकी रक्कम माल सोलापूरच्या गोडाऊनला उघडून बघितल्यावर.’

यातल्या चारही गोष्टींना तो तयार झाला, तर नाव जुळवून, कार्डाचा खटका चालू करून, आगाऊ रक्कम निम्म्याऐवजी दोन-तीन हजारांवर आणून व्यवहार करा. जीएसटी नंबराऐवजी पुन्हा क्यूआरच आला, किंवा ‘विश्वास नाही का मॅडम’ असं उत्तर आलं, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंबर चक्षुवर कळवा आणि मेकॅनिकला फोन लावा.